वाटीतील पोकळी

वैशाखात घाटाच्या वळणावर पाटीत करवंदे घेऊन बसलेल्या बाईकडून ज्याने कधी मापाने करवंदे विकत घेतली असतील, त्याला मापनशास्त्रातील एक मूलभूत सिद्धान्त नकळत अवगत झालेला असतो. बाई माप पाटीत बुडवून भरते, वर शीग येते. गिऱ्हाईक म्हणते, "मावशी, माप जरा हलवा की". मावशी माप दोनदा हिसडते, शीग खाली बसते आणि वर मोकळ्या झालेल्या जागेत आणखी मूठभर करवंदे मावतात. माप तेच, फळ तेच, मापणारा हातही तोच. आणि तरीही पदरात पडलेला माल वाढलेला असतो. ही मूठभर करवंदे आली कोठून, या साध्या प्रश्नाचे उत्तर ज्याला नीट देता येईल, त्याला पाककृतीत लिहिलेल्या 'दोन वाट्या चिरलेल्या फोडी' म्हणजे वजनाने किती, हे सांगण्यास फारशी अडचण पडू नये.

मापाच्या काठावर उभी राहणारी धान्याची किंवा फळांची निमुळती रास म्हणजे शीग. उत्कंठा शिगेला पोचली असे आपण आजही लिहितो, ते मूळचे या मापावरून आलेले आहे. परंतु ज्या व्यवहारातून हा शब्दप्रयोग निघाला, तो व्यवहार आता जवळजवळ लुप्त झाल्यामुळे शीग या शब्दामागचे चित्र नव्या पिढीच्या डोळ्यांपुढे उभे राहत नाही. माप शिगेने घ्यावयाचे की हात फिरवून सपाट करावयाचे, हे एकेकाळी सौदा ठरतानाच मुकरर होत असे, आणि त्यावरून उद्भवणारे तंटे हे गावगाड्यातील नित्याचे तंटे होते. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी, अशी ही मापी कोष्टकाची परंपरा. तिच्या शेजारीच, ऐंशी तोळ्यांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण, ही वजनी परंपरा. शेर आणि मण ही नावे दोहोंत समान, पण एक शेर पोकळीचा आणि दुसरा भाराचा. मापी शेरभर बाजरी आणि मापी शेरभर पोहे तागडीत घातले असता त्यांत जमीन-अस्मानाची तफावत पडणार, हे घरातील स्त्रीला आणि दुकानातील वाण्याला सारखेच ठाऊक असे. त्यातच मण हाही सर्वत्र एक नव्हता. मुंबईचा मण अठ्ठावीस पौंडांचा, तर बंगाली मण ब्याऐंशी पौंडांहून किंचित अधिक. अशा देशात माणूस 'किती' हा प्रश्न विचारण्यापूर्वी 'कशाने मोजलेले' हा प्रश्न आधी विचारी, आणि ती सवय मला फार मोलाची वाटते.

१९५६ साली वजनमापांच्या प्रमाणीकरणाचा कायदा झाला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून त्याचा अंमल टप्प्याटप्प्याने सुरू झाला, आणि काही वर्षांत पायली व मापटे बाजारातून हद्दपार होऊन त्यांच्या जागी किलोग्रॅम आणि लिटर आले. बाजार वजनावर गेला. स्वयंपाकघर मात्र मापावरच राहिले. याचे कारण अज्ञान नव्हे. वाटी हाताशी असते, तिला तागडीची तसदी लागत नाही, आणि एकाच वाटीने सर्व जिन्नस घेतले तर त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण पुष्कळसे राखले जाते. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली प्रसिद्ध झाले आणि महाराष्ट्रातील कित्येक घरांतील नवविवाहितांनी त्यातील वाटी-चमच्याच्या मापांवर विसंबून पहिला स्वयंपाक केला. त्यांचा विश्वास अनाठायी ठरला नाही, हे त्या पुस्तकाच्या दीर्घायुष्यावरून सिद्ध आहे. डाळ, तांदूळ, रवा, साखर हे कोरडे, सुटे आणि एकसारख्या कणांचे पदार्थ असल्यामुळे वाटी त्यांच्याशी प्रामाणिक राहते. चिरलेल्या फळाशी मात्र तिचे तितकेसे जमत नाही.

अमेरिकेत हाच प्रश्न निराळ्या वाटेने उभा राहिला. बोस्टनच्या पाकशाळेच्या संचालिका फॅनी फार्मर यांनी १८९६ साली आपला पाकग्रंथ प्रसिद्ध केला आणि कप व चमचा सुरीच्या पात्याने सपाट करूनच मोजला पाहिजे, असा आग्रह धरला. म्हणजे आपल्याकडील शीग आणि सपाट यांच्या वादात त्यांनी सपाटाच्या बाजूने निकाल दिला. त्यांच्या आग्रहामुळे त्या देशातील गृहिणींच्या हातात प्रमाणभूत कप आला खरा, पण तो जगभर एक झाला नाही. अमेरिकेचा कप सुमारे २३७ मिलिलिटरांचा, ऑस्ट्रेलियाचा २५० चा आणि जपानचा २०० चा आहे. शिवाय ऑस्ट्रेलियाचा मोठा चमचा २० मिलिलिटरांचा, तर अमेरिकेचा १५ चा. आपल्या वाटीला तर कोणताच कायदा नाही. तेव्हा 'एक कप चिरलेला आंबा' हे वाक्य वाचताना पहिली शंका कपाविषयी घ्यावी लागते. ती सहज फिटते. दुसरी शंका कपाच्या आत काय आहे याविषयीची, आणि ती अधिक खोल आहे.

कपाच्या आत फळ असते आणि हवा असते. नागपूरच्या बाजारात संत्री रचून ठेवणारा दुकानदार प्रत्येक संत्रे खालच्या थरातील खळगीत बसवतो. अशा रचनेत सारखे गोल जितके दाट बसतात त्याहून अधिक दाट कोणत्याही रचनेत बसू शकत नाहीत, असे अनुमान योहानेस केप्लर या ज्योतिर्विदाने १६११ साली मांडले, आणि थॉमस हेल्स या गणितज्ञाने त्याची सिद्धता १९९८ साली जाहीर करीपर्यंत ते जवळजवळ चार शतके अनुमानच राहिले. या सर्वांत दाट रचनेतही गोल जागेचा ७४ टक्केच भाग व्यापतात. उरलेला चौथा हिस्सा पोकळीचा. संत्री रचली नाहीत, नुसती डब्यात ओतली आणि डबा चांगला हलवला, तर ६४ टक्क्यांच्या आसपास मजल जाते. न हलवता ओतली तर साठ किंवा त्याहूनही खाली. करवंदांच्या मापात हिसड्यानंतर मावलेली ती वाढीव मूठ या टक्क्यांच्या अंतरातून आलेली असते: करवंदे वाढली नाहीत, त्यांच्यामधली हवा बाहेर गेली.

या गणितातून निघणारा एक निष्कर्ष सामान्य समजुतीच्या अगदी विरुद्ध आहे. फोडी बारीक केल्या की वाटीत अधिक मावतात, असे आपण गृहीत धरतो. परंतु भांडे पुरेसे मोठे असेल आणि फोडींचा आकार प्रमाणातच लहान केलेला असेल, तर पोकळीचा हिस्सा बदलण्याचे काही कारण नाही. गोणीभर बोरे आणि गोणीभर संत्री या दोहोंतही हवेचे प्रमाण जवळजवळ सारखेच. बदल घडतो तो भांड्याच्या भिंतीमुळे. भिंतीला फोड टेकते तेथे तिला शेजारच्या फोडीच्या खळगीत शिरता येत नाही, आणि म्हणून भिंतीलगत नेहमी जास्त पोकळी राहते. फोडी मोठ्या आणि वाटी लहान असेल, तर वाटीचा बहुतेक भाग भिंतीलगतचाच ठरतो. दुसरे कारण आकाराचे आहे. चपटे काप एकावर एक पहुडतात, चौकोनी फोडी कोपऱ्यांवर अडतात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात स्ट्रॉबेरीची नोंद पाहण्यासारखी आहे: एका कपात अख्खी फळे १४४ ग्रॅम, अर्धी केलेली १५२, काप केलेले १६६ आणि वाटून गर केलेला २३२ ग्रॅम. अख्ख्या फळापासून कापांपर्यंतचा प्रवास अवघ्या बावीस ग्रॅमांचा, आणि कापांपासून गरापर्यंतचा सहासष्टांचा. सुरीने पोकळी थोडी कमी होते. ती नाहीशी होते ती फक्त पाट्यावर.

हा तक्ता घेऊन मी एकदा सर्व फळे शेजारी शेजारी मांडली, आणि जे दिसले त्याने मला मनापासून आनंद झाला. आंब्याच्या फोडींचा कप १६५ ग्रॅम, अननसाचा १६५, कलिंगडाच्या फोडींचा १५२, केळ्याच्या चकत्यांचा १५०, पपईच्या फोडींचा १४५. कप २३७ मिलिलिटरांचा, म्हणजे पाण्याने भरला असता २३७ ग्रॅमांचा. त्याचे दोन-तृतीयांश म्हणजे १५८. इतकी निरनिराळी फळे, कोणी तंतुमय, कोणी लुसलुशीत, कोणी पाणीदार. तरी सर्वांचे वजन या एका आकड्याच्या अवतीभोवती. याचे कारण असे की बहुतेक फळांच्या गराची घनता पाण्याहून फारशी निराळी नसते, आणि बहुतेक फोडी वाटीत साठ ते पासष्ट-सहासष्ट टक्के जागा व्यापतात. हे दोन्ही घटक जवळजवळ स्थिर असल्यामुळे त्यांचा गुणाकारही स्थिर राहतो. पाण्याने भरलेल्या वाटीचे वजन घ्यावे आणि त्याचे दोन-तृतीयांश करावे. चिरलेल्या फळाचे वजन स्वयंपाकाला पुरेल इतक्या सूक्ष्मतेने मिळते.

या नियमाला सफरचंद मात्र मानत नाही. त्याचा चिरलेला कप १२५ ग्रॅमच भरतो, म्हणजे पाण्याच्या निम्म्याहून थोडा वर. पहिल्या दृष्टीला वाटते की सफरचंदाच्या फोडी ओबडधोबड असल्यामुळे त्यांच्यामध्ये पोकळी अधिक राहत असावी. वस्तुस्थिती तशी नाही. सफरचंदाची पोकळी त्याच्या पोटात आहे. त्याच्या गरातील पेशींच्या मधूनमधून हवेच्या असंख्य सूक्ष्म जागा असतात, आणि त्यांनी फळाचा सुमारे एक-चतुर्थांश भाग व्यापलेला असतो. म्हणूनच पाण्याच्या बादलीत टाकलेले सफरचंद डोके वर काढून तरंगते. उलट, हापूसचे तयार फळ पाण्यात बुडते; कोकणातील जाणते बागायतदार आंबा तोडणीस आला की नाही याची पारख याच गुणावरून करतात. सफरचंद शिजवून त्याचा गर केला की आतली आणि बाहेरची अशा दोन्ही पोकळ्या एकदमच सुटतात, आणि जो कप १२५ ग्रॅमांचा होता तोच २४४ ग्रॅमांचा होतो. अशा प्रकारे चिरलेल्या फळाच्या वाटीत दोन प्रकारची हवा असते, एक फोडींच्या मधली आणि एक फोडीच्या आतली. पहिली सुरीवर आणि हातावर अवलंबून, दुसरी फळाच्या जातीवर.

ज्याच्या घरी वजनकाटा नाही त्यालाही या दोन पोकळ्या वेगळ्या करता येतात, आणि त्यासाठी पाण्याखेरीज काही लागत नाही. वाटी फोडींनी नेहमीप्रमाणे काठापर्यंत भरावी. मग मोजलेल्या पाण्यातून हळूहळू पाणी तिच्यात ओतावे आणि काठाशी आले की थांबावे. जितके पाणी वाटीत गेले तितकी फोडींच्या मधली पोकळी. वाटीच्या एकंदर मापातून ते वजा केले की उरते ती फळाने खरोखर व्यापलेली जागा. दीडशे मिलिलिटरांच्या वाटीत पन्नास मिलिलिटर पाणी मावले, तर फळ शंभर मिलिलिटर, आणि आंबा, पपई, अननस, केळे यांच्या बाबतीत ते शंभर ग्रॅमच समजावे. सफरचंद असेल तर पाचवा किंवा चौथा हिस्सा कमी करावा. पाणी ओतलेल्या फोडी अर्थात लगेच निथळून घ्याव्यात, आणि हा प्रयोग साखर घालण्यापूर्वीच करावा. साखर पडली की परासरणाने फळातील रस बाहेर ओढला जातो, फोडी मऊ पडून एकमेकींवर बसतात, आणि अर्ध्या तासात तीच वाटी पाऊण होते. वजन मात्र साखरेसह जसेच्या तसे. साखर लावून ठेवलेले फळ वाटीने मोजणे म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळी खाडीची रुंदी मोजण्यासारखे आहे.

आता ज्या पदार्थासाठी या साऱ्या हिशेबाची खरी गरज पडते, त्याकडे वळतो. फळांच्या कोशिंबिरीत दहावीस ग्रॅम इकडचे तिकडे झाले तर कोणाचे काही बिघडत नाही. शिकरणात केळे थोडे अधिक पडले तर मुले खूषच होतात. परंतु साखरेच्या आश्रयाने वर्षभर टिकवावयाचे जे पदार्थ आहेत, मुरांबा, साखरांबा, गुळांबा, जॅम, त्यांत फळ आणि साखर यांचे प्रमाण हा टिकाऊपणाचा पायाच असतो, आणि तेथे वाटीने दगा दिला तर त्याचे फळ चैत्रात नव्हे, श्रावणात दिसते.

साखरांब्याचे उदाहरण घेऊ, कारण त्यात फोडी नसतात, कीस असतो, आणि किसाइतका लवचीक जिन्नस स्वयंपाकघरात दुसरा नाही. कैरीचा कीस किसणीखालून पडतो तेव्हा त्याचे लांबट तंतू एकमेकांत अडकून जाळी धरतात आणि त्या जाळीत भरपूर हवा राहते. तोच कीस बोटांनी दाबला की जाळी मोडते. सैल भरलेली वाटी आणि दाबून भरलेली वाटी यांत दीडपटीहून अधिक अंतर सहज पडते. परदेशी गेलेल्या एका सुनेचे आणि पुण्यातील तिच्या सासूबाईंचे दूरध्वनीवरील संभाषण एकदा माझ्या कानी पडले. "आई, वाटी कुठली घेऊ? माझ्याकडे इथले कपच आहेत." "अगं, आपली आमटीची वाटी असते ना, तेवढी." "आणि कीस दाबून भरायचा का?" "दाबून नको गं, हातानं जरा बसवायचा." हा 'बसवायचा' शब्द मला त्यावेळीच फार अर्थपूर्ण वाटला आणि आजही वाटतो. दाबणे म्हणजे जोर लावणे, ओतणे म्हणजे सोडून देणे. बसवणे या दोहोंच्या मधले, जितकी हवा आपणहून जाण्यास तयार आहे तितकी जाऊ देणे. पदार्थविज्ञानाच्या परिभाषेत सैल भरण आणि घट्ट भरण या दोन मर्यादा सांगितलेल्या आहेत. त्यांच्या दरम्यानची ती नेमकी जागा त्या बाईंनी एका क्रियापदात सांगितली. अडचण इतकीच की ते क्रियापद हाताला समजते आणि हात फोनवरून पाठवता येत नाही.

त्या जागेचे मोल आकड्यांत पाहू. एक वाटी किसाला दीड वाटी साखर, हे सर्वपरिचित प्रमाण धरले आणि वाटी दीडशे मिलिलिटरांची मानली, तर साखर सुमारे १९० ग्रॅम होते, कारण साखरेचा एक मिलिलिटर अदमासे ०.८५ ग्रॅम भरतो. समजा, कीस सैल भरला आणि तो ६० ग्रॅम झाला. कैरीत पाण्याचा अंश चार-पंचमांशाहून अधिक असतो, म्हणजे या किसात पाणी पन्नास ग्रॅमांच्या आसपास. नेहमीच्या तपमानात पाणी आपल्या वजनाच्या सुमारे दुप्पट साखर विरघळवून धरू शकते, त्याहून अधिक नाही. म्हणजे पन्नास ग्रॅम पाणी शंभर ग्रॅम साखरेचा भार वाहील आणि उरलेली नव्वद ग्रॅम साखर पाक गार झाल्यावर आज ना उद्या खडे धरून बरणीच्या तळाशी बसेल. आता कीस हाताने बसवला आणि तो शंभर ग्रॅम झाला असे धरू. पाणी सुमारे ८५ ग्रॅम, त्यात मावणारी साखर १७०. वरची वीस ग्रॅम साखर कैरीचा आंबटपणा सांभाळून घेतो, कारण आंबटाच्या सान्निध्यात शिजताना साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साध्या शर्करांत विभागला जातो आणि त्या शर्करा उरलेल्या साखरेला खडे धरू देत नाहीत. म्हणजे परंपरेने ठरवलेले दीडपटीचे प्रमाण बसवलेल्या किसालाच लागू पडते, सैल किसाला नव्हे. आणि याच्या उलट, कीस ठोसून ठोसून भरला तर साखर अपुरी पडून पाक अधिक आटवावा लागतो. तो न आटवला तर पावसाळ्यात बरणी फसफसते किंवा वर बुरशीची साय धरते. साखरांबा फिरला किंवा बिघडला की दोष हाताच्या गुणाला, पाण्याच्या चमच्याला, कधी कधी सोवळ्याओवळ्यालाही दिला जातो. वाटीत किती हवा होती, हे कोणी विचारीत नाही.

या कारणासाठीच फळप्रक्रियेच्या कारखान्यात वाटी नाही. आपल्या देशाच्या अन्नविषयक नियमांत जॅममधील फळाचे प्रमाण वजनाने ४५ टक्क्यांहून कमी नसावे असे बंधन आहे, स्ट्रॉबेरी आणि रास्पबेरी यांच्यापुरते ते २५ टक्क्यांवर आणलेले आहे; कोठेही कपाचा किंवा लिटराचा उल्लेख नाही, कारण तसा उल्लेख केला असता तर त्या नियमाची अंमलबजावणी सुरी कशी चालवली यावर अवलंबून राहिली असती. जॅम तयार झाला की नाही हे ठरवण्याची एक जुनी आणि मला अत्यंत सुंदर वाटणारी रीतही वजनावरच उभी आहे. पातेल्याचे वजन आधी घ्यावे, म्हणजे आपल्या वाण्यांच्या भाषेत त्याचा धडा करून ठेवावा. मग एक किलो गर आणि एक किलो साखर त्यात घालून आटवीत राहावे, आणि मध्येमध्ये पातेले काट्यावर ठेवावे. धडा वजा जाता वजन साखरेच्या दीडपट, म्हणजे दीड किलो झाले की जॅम झाला. दीड किलोत एक किलो साखर म्हणजे दोन-तृतीयांश साखर, आणि इतक्या साखरेत जंतूंना जगण्यास पुरेसे मोकळे पाणी उरत नाही.

या रीतीचे महत्त्व महाबळेश्वरात जाऊन पाहावे. समुद्रकाठी जॅम सुमारे १०५ अंश सेल्सिअसला सिद्ध होतो, असे पुस्तकांत लिहिलेले असते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरांच्या आसपास उंच. तेथे हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी शंभर अंशांच्या साडेचार अंश अलीकडेच उकळते, आणि पाकाचा सिद्धिबिंदूही तितकाच खाली, शंभर-एकशे एक अंशांच्या दरम्यान येतो. रत्नागिरीचा तपमापक घेऊन तेथे पुस्तकातील आकड्याची वाट पाहत बसणारा मनुष्य स्ट्रॉबेरीचा जॅम न करता चिक्की करील. तपमान डोंगर चढताना बदलते, वाटीतील फळ हाताच्या हिसड्याने बदलते. दीड किलो मात्र रत्नागिरीत आणि महाबळेश्वरात दीड किलोच राहते.

परदेशस्थ मराठी कुटुंबांत आणखी एक घोटाळा नेहमी होतो, आणि तो समजावून सांगण्याजोगा आहे. तेथील भारतीय दुकानांत हापूसच्या गराचा ८५० ग्रॅमांचा डबा मिळतो. पाककृतीत 'साडेतीन कप चिरलेला आंबा' असे लिहिलेले असते, डबा उघडून ओतला तर साडेतीन कपांना जेमतेम कमी भरतो, आणि करणारी समाधानाने पुढे जाते. पण चिरलेल्या आंब्याचे साडेतीन कप म्हणजे ५८० ग्रॅमांच्या आसपास. डब्यातील गर ८५० ग्रॅम. आंबा जवळजवळ दीडपट पडला, आणि त्याबरोबर डब्यात मुळातच घातलेली साखरही. केक मध्ये बसतो, वडी थापली जात नाही, आणि दोष भट्टीवर येतो. फोडींऐवजी गर घ्यावयाचा असेल तर कपांची संख्या दोन-तृतीयांश करावी.

बाजारातून काय आणावयाचे, हा हिशेब मात्र निराळा आहे, कारण तेथे साल, कोय आणि गाभा यांचेही पैसे मोजावे लागतात. केळ्याच्या वजनाचा एक-तृतीयांशाहून थोडा अधिक भाग सालीत जातो. अननसाचा जवळजवळ निम्मा भाग तुरा, साल आणि दांडा यांत जातो. सफरचंदाचा फक्त दहावा हिस्सा वाया जातो. दीडशे मिलिलिटरांच्या वाटीने दोन वाट्या अननसाच्या फोडी हव्या असतील, तर फोडी दोनशे ग्रॅम आणि आणावयाचे फळ चारशे ग्रॅम. फणसाविषयी असा आकडा देण्याचे धाडस मी करणार नाही. त्याच्या गऱ्यांचे प्रमाण झाडागणिक बदलते, आणि कापा की बरका यावरही.

हे सर्व करण्यापूर्वी स्वतःच्या वाटीचे माप माहीत हवे. ते काढण्यास अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी पुरते: ती पातेल्यात रिकामी करावी, वाटीवाटीने दुसऱ्या पातेल्यात ओतावी आणि वाट्या मोजाव्यात. तीन वाट्या भरून चौथी तिसऱ्या हिश्शापर्यंत आली तर वाटी दीडशेची, अडीच वाट्यांत संपली तर दोनशेची. दीडशेची वाटी विशेष सोयीची, कारण तिच्यात चिरलेले फळ शंभर ग्रॅम, सफरचंद पंचाहत्तर ते ऐंशी, आणि कोणताही गर दीडशे किंवा किंचित वर, असे आकडे तोंडपाठ होतात. आमच्या घरी आमटीच्या सहा वाट्या आहेत, माझ्या आईच्या लग्नात मिळालेल्या. प्रत्येकीवर देणाराचे नाव आणि साल कोरलेले आहे. मागील वर्षी त्यांतील एक वाटी मी भांड्यांवर नावे घालणाऱ्या कारागिराकडे नेली. त्याने विचारले, "नाव कुणाचं घालू?" मी सांगितले, नाव आहेच, त्याच्या खाली '१५०' एवढे घाला.